मार्कोवनिकॉव्हचा नियम लिहूनही पाचपैकी दीड गुण : ऑरगॅनिकचा अभ्यास नेमका कसा करावा?

प्रश्न : रबाळे_लोकल

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकतो आणि रबाळ्याहून रोज ये-जा करतो. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बारावीला सेंद्रिय रसायनशास्त्राचा भाग मी कोष्टके करून पाठ केला होता. डावीकडे संयुग, बाणावर रिएजंट आणि उजवीकडे उत्पादित एवढे डोक्यात बसले की गुण मिळत असत. यंदा मात्र ही पद्धत पार कोलमडली आहे.

गेल्या महिन्यातील अंतर्गत परीक्षेत असा प्रश्न होता : ‘३-मिथिल-१-ब्युटीनची हायड्रोजन ब्रोमाइडशी अभिक्रिया झाली असता मिळणारी उत्पादिते लिहा व कारण द्या.’ मी २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेन हे एकच उत्पादित लिहिले आणि कारणाच्या जागी ‘मार्कोवनिकॉव्हच्या नियमानुसार’ असे लिहिले. पाचपैकी दीड गुण मिळाला आणि समासात शेरा मिळाला की नियम हे कारण नव्हे. त्याच उत्तरपत्रिकेत आम्लतेचा क्रम लावायचा होता. इथेनॉल, फिनॉल आणि ॲसेटिक आम्ल यांचा क्रम मला तोंडपाठ होता, पण त्यांच्यामध्ये पॅरा-नायट्रोफिनॉल आणि मेटा-नायट्रोफिनॉल ही दोन संयुगे घातलेली असल्यामुळे मी पूर्णपणे अंदाजाने लिहिले.

प्रात्यक्षिकातही फारसे वेगळे घडत नाही. बेंझोइक आम्लाचे पुनर्स्फटिकीकरण केल्यावर माझ्या नमुन्याचा द्रवणांक ११६ ते ११९ अंश आला, परंतु बरोबरच्या मुलांनी ‘१२२ लिही, जर्नल परत येणार नाही’ असे सांगितल्यामुळे मी १२२ लिहिले. जर्नल परत आले नाही हे खरे, पण तीन अंश कुठे गेले ते मला आजही सांगता येणार नाही.

वर्गात सर्व काही इंग्रजीत शिकवले जाते. ऐकताना कळल्यासारखे वाटते, घरी वही उघडली की सारे बाण एकसारखेच दिसू लागतात. पाठांतर सोडावे असे सगळे सांगतात, पण ते सोडून त्या जागी नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. या विषयातून गेलेल्या ज्येष्ठांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

उत्तर : चरईकर

तपासनिसांचा शेरा अगदी योग्य आहे आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या शेऱ्यातच आहे. (गुण देताना मात्र मी थोडा सैल हात ठेवला असता, कारण दोनांपैकी एक उत्पादित तुम्ही बरोबर लिहिले होते.) मी हा विषय पहिल्या वर्षाला बरीच वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे आणि ‘नियमानुसार’ हा शब्द कारणाच्या जागी लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत.

आधी दोन सालांकडे पाहा. व्लादिमिर मार्कोवनिकॉव्ह यांचा नियम १८७० च्या सुमाराचा आहे, आणि जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला तो १८९७ साली. म्हणजे नियम मांडला गेला तेव्हा इलेक्ट्रॉन ही वस्तूच कोणाला ठाऊक नव्हती. हायड्रोजन कोणत्या कार्बनकडे जातो हे मार्कोवनिकॉव्ह यांनी अनेक अभिक्रियांत पाहिले आणि ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत तिकडे नवा हायड्रोजन जातो, अशी नोंद केली. ही नोंद उत्तम होती, पण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यात असणे शक्यच नव्हते. तुम्ही परीक्षेत नियमाचे नाव लिहिता तेव्हा ‘असे घडते, कारण असेच घडताना पाहिले आहे’ एवढेच लिहिलेले असते.

आता कारण पाहू, आणि त्यासाठी प्रथम साधे प्रोपीन घेऊ. दुहेरी बंधातील एक जोडी सैल असते; तिला पाय (π) बंध म्हणतात. हायड्रोजन ब्रोमाइडमध्ये ब्रोमीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून असल्यामुळे हायड्रोजन उघडा पडलेला असतो. पाय बंधाची जोडी त्या हायड्रोजनला पकडते आणि त्याच क्षणी हायड्रोजन-ब्रोमीन बंधाची जोडी ब्रोमीनकडे जाते. येथे दोन बाण काढायचे आहेत. पहिला पाय बंधापासून सुरू होऊन हायड्रोजनपाशी थांबतो. दुसरा हायड्रोजन-ब्रोमीन बंधापासून निघून ब्रोमीनवर थांबतो. वक्र बाणांची ही रीत १९२२ साली करमॅक आणि रॉबिन्सन यांच्या लेखनातून पुढे आली, आणि तिचा एकच कायदा आहे : बाण इलेक्ट्रॉनांचा प्रवास दाखवतो, अणूचा नव्हे. दर वर्षी निम्मा वर्ग हायड्रोजनपासून निघून दुहेरी बंधाकडे जाणारा बाण काढतो, कारण ‘हायड्रोजन येऊन चिकटतो’ असे चित्र मनात असते. तुमच्या वहीतील शेवटच्या दहा अभिक्रिया उघडा आणि प्रत्येक बाणाच्या शेपटाशी इलेक्ट्रॉनांची जोडी आहे की नाही, एवढेच तपासा. बाण एकसारखे दिसण्याचा आजार बहुधा तिथेच सापडेल.

हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जोडला गेला तर धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो. मधल्या कार्बनला जोडला गेला तर तो टोकावर येतो. धनप्रभारित कार्बनला इलेक्ट्रॉनांची चणचण असते आणि शेजारच्या कार्बनवरील कार्बन-हायड्रोजन बंध आपली थोडी इलेक्ट्रॉन-घनता त्याला उसनी देतात. मधल्या कार्बनवर प्रभार असेल तर असे सहा बंध मदतीला असतात, टोकावर असेल तर दोनच. त्यामुळे पहिला मार्ग कमी ऊर्जेचा ठरतो, ब्रोमाइड आयन मधल्या कार्बनला जोडला जातो आणि नियमाने जे सांगितले तेच मिळते. परंतु आता ते का मिळते हे आपल्या हातात असते.

हाच हिशेब तुमच्या परीक्षेतील संयुगाला लावा. ३-मिथिल-१-ब्युटीनमध्ये हायड्रोजन टोकाला गेल्यावर धनप्रभार दुसऱ्या कार्बनवर येतो. शेजारचे मदतनीस बंध मोजले तर चार भरतात. पण तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे. तो आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन दुसऱ्या कार्बनवर सरकला, तर प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो आणि तेथे मदतनीस बंध आठ होतात. चारांवरून आठांवर जाण्याची सोय शेजारीच असताना बरेचसे कॅटायन (धनप्रभारित आयन) ती सोडत नाहीत. म्हणून २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेनबरोबर २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेनही मिळते, आणि ते किरकोळ प्रमाणात नव्हे. प्रश्नात ‘उत्पादिते’ असे अनेकवचन होते, ते उगीच नव्हते. नियम पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हे दुसरे उत्पादित कधीच दिसत नाही, कारण नियमाला सुरुवात आणि शेवट एवढेच माहीत असते. कॅटायन कागदावर काढणाऱ्याला ते आपोआप दिसते.

याच संदर्भात पेरॉक्साइडचा परिणाम पाहून घ्यावा. खराश आणि मेयो यांनी १९३३ साली दाखवले की पेरॉक्साइड असताना हायड्रोजन ब्रोमाइड उलट बाजूने जोडला जातो. पुस्तके त्याला ‘नियमाचा अपवाद’ म्हणतात आणि विद्यार्थी तो वेगळा पाठ करतात. वास्तविक तेथे हायड्रोजनच्या आधी ब्रोमीनचा रॅडिकल (जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू) जोडला जातो आणि तो टोकाला जातो, कारण मग एकटा इलेक्ट्रॉन मधल्या, अधिक आधार असलेल्या कार्बनवर राहतो. हायड्रोजन त्यानंतर येतो आणि उरलेली जागा घेतो. म्हणजे नियम मोडला तरी कारण तेच राहिले. या संशोधनापूर्वी एकाच संयुगावरील निष्कर्ष निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळे येत असत, आणि हवेत राहून जुन्या झालेल्या नमुन्यांत पेरॉक्साइड तयार होते हे त्यामागचे इंगित निघाले. मला स्वतःला या विषयातील सर्वांत आवडणारी ही गोष्ट आहे, म्हणून थोडे लांबले.

भाषेविषयी एक सांगतो. वही मराठीत विचार करून लिहायला कोणाचीही हरकत नाही. पान उभे दुमडावे. डाव्या अर्ध्यावर बाणांसह आकृती आणि उजव्या अर्ध्यावर प्रत्येक बाणासाठी एक मराठी वाक्य लिहावे, ज्यात ‘कारण’ हा शब्द असलाच पाहिजे. वाक्य जमले नाही तर तो बाण पाठ केलेला आहे असे समजावे. न्यूक्लिओफाइलला मराठीत केंद्रकस्नेही म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा लवकर अर्थ सांगतो : ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉन आहेत आणि जो दुसऱ्याच्या धन केंद्रकाच्या शोधात आहे, तो. परीक्षेत इंग्रजी संज्ञा लिहाव्यात. समजून घेताना आपलीच भाषा वापरावी.

आता एक गृहपाठ देतो. ३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया झाली तर ब्रोमीन कोठे जाईल? पुस्तकात न पाहता आकृती काढावी आणि येथे लिहावे.

उत्तर : तिसऱ्या_वर्षातली

सरांच्या बाणांविषयीच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे, परंतु पाठांतर संपूर्ण सोडावे असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहीत आहे. मी पहिल्या सत्रात ‘फक्त समजून घ्यायचे’ असे ठरवले आणि मला केटी लागली (विषय राहिला), कारण तुलना करण्यासाठी लागणारे आकडेच माझ्याजवळ नव्हते. क्रियात्मक गट ओळखता येणे आणि आठ-दहा पीकेए मूल्ये (आम्लाची तीव्रता सांगणारे आकडे) मुखोद्गत असणे, एवढे पाठांतर मला अपरिहार्य वाटते.

माझी यादी अशी होती : ॲसेटिक आम्ल ४.७६, कार्बोनिक आम्ल ६.३५, अमोनियम आयन ९.२५, फिनॉल सुमारे १०, पाणी १५.७, इथेनॉल सुमारे १६, इथाइन सुमारे २५, अमोनिया सुमारे ३८ आणि मिथेन सुमारे ५०. आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र, आणि ही मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. फिनॉल आणि इथेनॉल यांत सहा अंकांचे अंतर आहे, म्हणजे फिनॉल दहा लाख पटींनी अधिक आम्लधर्मी आहे. नुसते ‘फिनॉल जास्त आम्लधर्मी’ असे पाठ केल्याने हे प्रमाण लक्षात येत नाही.

हे आकडे आम्लतेच्या क्रमापुरतेच उपयोगी पडतात असे नव्हे. सोडियम हायड्रॉक्साइड इथाइनचा प्रोटॉन (इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघालेला हायड्रोजन) काढून घेईल का, असा प्रश्न आला तर मी पूर्वी आठवू लागायचे; आता १५.७ आणि २५ शेजारी ठेवते. प्रोटॉन काढल्यावर पाणी तयार होणार आणि पाणी हे इथाइनपेक्षा कितीतरी तीव्र आम्ल आहे, म्हणजे समतोल एक अब्जांशाहूनही कमी उजवीकडे झुकेल. सोडामाइड घेतले तर पाण्याऐवजी अमोनिया तयार होतो, म्हणून ३८ आणि २५ अशी तुलना होते आणि अभिक्रिया बिनदिक्कत पुढे जाते. पुढच्या वर्षी ज्या अभिक्रिया तुम्हाला शिकवतील त्यांपैकी बऱ्याच अभिक्रियांचा पहिला टप्पा असा प्रोटॉनाच्या देवाणघेवाणीचाच असतो.

तुम्हाला अडलेल्या दोन नायट्रोफिनॉलांचे असे आहे. पॅरा-नायट्रोफिनॉलचे मूल्य सुमारे ७.१५ आणि मेटाचे सुमारे ८.४ आहे. दोन्हींत नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून दोन्ही फिनॉलपेक्षा तीव्र आहेत. पण मेटा चाळीसएक पटींनी आणि पॅरा जवळजवळ सातशे पटींनी. प्रोटॉन गेल्यावर ऑक्सिजनवर उरलेला ऋणप्रभार वलयात पसरतो तेव्हा तो ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागांवरच पोहोचतो, मेटावर (एक सोडून असलेल्या जागी) कधीच येत नाही. पॅरा जागी नायट्रो गट बसलेला असेल तर तो प्रभार पुढे नायट्रोच्या ऑक्सिजनांवर जाऊ शकतो. मेटाला बसलेल्या नायट्रोला केवळ लांबून ओढण्याचे काम उरते. प्रभाराच्या या पसरण्याच्या, म्हणजे रेझोनन्सच्या, चारही आकृत्या एकदा स्वतः काढून पाहिल्या की हे कायमचे बसते. मी त्या ऐरोली ते ठाणे प्रवासात मनात काढत असे, कारण सकाळच्या गर्दीत वही उघडण्याची सोय नसतेच. ठाण्याला उतरून फलाटावरच्या बाकावर त्या कागदावर उतरवायच्या आणि जेथे अडेल तेथे खूण करायची. अर्धा तास वाचण्यापेक्षा या पाच मिनिटांत मला अधिक कळत असे.

त्रिमितीय भागासाठी मॉडेलचा संच मिळाला नाही तर भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक चालतात. कार्बनचा १०९.५ अंशांचा कोन अंदाजानेच येतो, पण आरसा-प्रतिमा एकमेकींवर का बसत नाहीत हे कळायला तेवढे पुरे. दुसऱ्या दिवशी वाटाणे सुकून रेणू मोडतो, हा त्यातला दोष.

उत्तर : तुर्भे_क्यूसी

मी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. बाणांविषयी वरच्या दोघांनी पुष्कळ सांगितले आहे, म्हणून मी फक्त तुमच्या ११६ ते ११९ अंशांविषयी लिहितो. प्रश्नातील तो परिच्छेद तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. परीक्षेत तुम्ही कारणाच्या जागी नियम लिहिला आणि जर्नलात निरीक्षणाच्या जागी पुस्तकातला आकडा लिहिला; ही सवय एकच आहे.

शुद्ध बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळते, आणि अगदी अर्ध्या-एका अंशाच्या आत वितळते. तुमचा नमुना तीन अंश आधी पूर्ण वितळला आणि वितळायला त्याने तीन अंशांची मजल घेतली. या दोन्ही गोष्टी मिळून एकच सांगतात की स्फटिकात दुसरे काही तरी अडकले आहे. स्फटिक म्हणजे रेणूंची शिस्तीने लावलेली रांग. परके रेणू मधे आले की रांग सैल पडते आणि कमी तापमानाला मोडते. पहिल्या वर्षाच्या वर्गात हे ‘दुसरे काही तरी’ बहुतेक वेळा पाणी असते. फिल्टर पेपरवरून खरवडलेले ओलसर स्फटिक दहा मिनिटे पंख्याखाली धरून कॅपिलरीत (द्रवणांकाच्या बारीक काचनळीत) भरले जातात, कारण तास संपत आलेला असतो. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत तर ते तासाभरातही नीट वाळत नाहीत. पुढच्या वेळी ते फिल्टर पेपराच्या दोन घड्यांत दाबून, पसरून, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून पाहा आणि द्रवणांक पुन्हा घ्या. बर्नर शेवटच्या दहा-पंधरा अंशांत मागे ओढून तापमान मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने चढू देऊ नका.

पाण्याचे प्रमाणही तपासा. बेंझोइक आम्ल खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ०.३४ ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यात साडेपाच ग्रॅमांहून अधिक. पुनर्स्फटिकीकरण या फरकावरच चालते. दोन ग्रॅम कच्च्या पदार्थाला ५० मिलिलिटर उकळते पाणी पुरते. विरघळायला उशीर लागतो म्हणून घाईने २०० मिलिलिटर ओतले, तर थंड झाल्यावर जवळजवळ पावणेसातशे मिलिग्रॅम पदार्थ पाण्यातच राहतो आणि मुले ‘उतारा कमी का आला’ म्हणून एकमेकांकडे पाहत बसतात. गरम द्रावण बर्फात एकदम बुडवले तरी स्फटिक घाईने तयार होताना अशुद्धी आत कोंडून घेतात. बीकर झाकून टेबलावर ठेवावे आणि हात लावू नये, हे आमच्याकडील नव्या मुलांनाही पुनःपुन्हा सांगावे लागते.

द्रवणांकाची एक जुनी युक्ती तुम्हाला आवडेल. युरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोन्ही पदार्थ सुमारे १३३ अंशांना वितळतात. अनोळखी नमुना १३३ ला वितळला तर तो दोहोंपैकी कोणता, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. पण त्यात बाटलीतील माहीत असलेला युरिया मिसळून पाहिला आणि मिश्रण १३३ लाच वितळले तर नमुना युरिया आहे, आणि बरेच आधी वितळले तर नाही. येथे द्रवणांक खाली येणे हीच उपयोगाची माहिती ठरते. तुम्ही ११६ खोडून १२२ लिहिलेत तेव्हा अशीच माहिती पुसून टाकलीत.

वरच्या उत्तरातील कार्बोनिक आम्लाचा ६.३५ हा आकडाही प्रयोगशाळेत रोज भेटतो. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बेंझोइक आम्ल टाकले की फसफसते आणि फिनॉल टाकले की काही होत नाही, कारण पहिल्याचे मूल्य सुमारे ४.२ म्हणजे ६.३५ च्या खाली आहे आणि दुसऱ्याचे बरेच वर. व्हायवाला ‘फिनॉल फसफसत नाही’ एवढेच सांगणारे पुष्कळ असतात. त्यांना मी तीन नायट्रो गट असलेल्या पिक्रिक आम्लाविषयी विचारतो. तेही फिनॉलच आहे, त्यात कार्बॉक्सिल गट नाही, तरी त्याचे मूल्य सुमारे ०.४ असल्यामुळे ते फसफसते. (कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते, म्हणून हे तोंडीच विचारायचे.)

प्रश्नकर्ता : रबाळे_लोकल

सर, ताई आणि दादा, आपण तिघांनी एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनःपूर्वक आभार. वहीतील शेवटच्या दहा अभिक्रिया तपासल्या. सहा ठिकाणी बाण हायड्रोजनपासून सुरू झालेला आढळला. नायट्रोफिनॉलच्या आकृत्याही काढल्या आणि मेटा जागी ऋणप्रभार आणण्याचा दोनदा प्रयत्न करून पाहिला. कार्बनला पाच बंध झाल्याशिवाय तो येत नाही.

गृहपाठात मात्र मी अडकलो आहे. ट्रायफ्लुओरोप्रोपीनमध्ये हायड्रोजन टोकाला गेला तर धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो. त्याच्या एका बाजूला तीन फ्लुओरीन असलेला कार्बन आहे, त्यावर हायड्रोजन नाही. दुसऱ्या बाजूला नवा मिथिल गट आहे, त्याचे तीन बंध मदतीला आहेत. हायड्रोजन मधल्या कार्बनला गेला तर प्रभार टोकावर येतो आणि मदतीला दोनच बंध उरतात. तीन आणि दोन अशी तुलना केली तर ब्रोमीन मध्यावर जायला हवा. पण फ्लुओरीनची विद्युतऋणता सर्वांत जास्त, ३.९८ आहे, आणि तीन-तीन फ्लुओरीन धनप्रभाराच्या इतक्या जवळ असताना तो कॅटायन टिकेल असे वाटत नाही. दोन कारणे विरुद्ध दिशांना ओढत आहेत आणि त्यांपैकी कोणाचे ऐकायचे हे ठरवता येत नाही.

उत्तर : चरईकर

अडकलात ते बरोबर जागी अडकलात, आणि याला काही अंशी मीच कारणीभूत आहे. मदतनीस बंध मोजायला मी शिकवले आणि तुम्ही त्या मोजणीचाच नवा नियम केलात. बंधांची संख्या ही धनप्रभाराला किती आधार मिळतो याची एक ढोबळ खूण आहे. शेजारी इलेक्ट्रॉन हिसकावणारे कोणी नसेल तेव्हाच ती पुरेशी असते. येथे तीन फ्लुओरीन शेजारच्या कार्बनला रिकामे करत आहेत, आणि रिकाम्या कार्बनला लागून दुसरा रिकामा कार्बन ठेवणे फार महाग पडते. एका जास्तीच्या बंधाची उसनवारी त्या खर्चापुढे टिकत नाही. प्रभार टोकावर गेला तर तो फ्लुओरीनपासून एक कार्बन दूर राहतो. म्हणून ब्रोमीन टोकाला जातो आणि १-ब्रोमो-३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपेन मिळते. हा कॅटायनही काही सुखात नसतो, त्यामुळे साध्या प्रोपीनच्या तुलनेत ही अभिक्रिया बरीच नाखुशीने चालते आणि तिला उत्प्रेरकाची मदत द्यावी लागते. नियमाचे शब्द येथे चुकीचे उत्तर देतात, तुमची दुसरी शंका बरोबर उत्तर देते.

आता ‘विद्युतऋण अणू जवळ असला की कॅटायन अस्थिर’ असा तिसरा नियम होऊ नये, म्हणून पुढचे उदाहरण घ्या. मिथिल व्हिनिल ईथरमध्ये दुहेरी बंधाच्या एका कार्बनला थेट ऑक्सिजन जोडलेला आहे. ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, म्हणजे तोही ओढणाराच. तरीही प्रोटॉन टोकाच्या कार्बनला जातो आणि धनप्रभार ऑक्सिजनशेजारच्याच कार्बनवर येतो. ऑक्सिजनजवळ इलेक्ट्रॉनांच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोड्या आहेत आणि तो प्रभारित कार्बनला थेट जोडलेला आहे. वरच्या उदाहरणातील फ्लुओरीन एक घर पलीकडे होते. एका एकाकी जोडीपासून बाण सुरू करून तो कार्बन-ऑक्सिजन बंधावर आणा. धनप्रभार ऑक्सिजनवर लिहिताना हात अडखळेल. तेव्हा थांबून प्रत्येक अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजा आणि बाण काढण्यापूर्वी कोणाचे अष्टक (भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन) अपुरे होते व काढल्यानंतर कोणाचे अपुरे राहिले, ते उजव्या बाजूच्या वाक्यात लिहा.

प्रश्नकर्ता : रबाळे_लोकल

आधी कार्बनभोवती सहा इलेक्ट्रॉन होते. बाण काढल्यावर कार्बनभोवती आठ आणि ऑक्सिजनभोवतीही आठच राहिले. ऑक्सिजनवर धनप्रभार आला, पण अपुरे कोणीच नाही. वाक्य लिहिले आहे. बेंझोइक आम्लाचे उरलेले स्फटिक घड्याळकाचेवर वाळत ठेवले आहेत. सोमवारच्या तासाला द्रवणांक पुन्हा घेईन आणि जो येईल तो आकडा येथे लिहीन.